तळाच्या तीन ओळी

विमलआक्का कुठलाही तक्ता तळापासून वर वाचायच्या. आपण सगळे वरून खाली वाचतो. पहिली ओळ, मोठा आकडा, मग त्याहून लहान, आणि तळाशी पोचेपर्यंत आपलं मत बनून गेलेलं असतं. आक्का कागद हातात आला की अंगठा आधी शेवटच्या ओळीवर ठेवायच्या. "वरचं सगळ्यांनी सजवूनच ठेवल्यालं असतंय सर," म्हणायच्या. "घर बघायचं तर मोरीकडनं आत शिरावं."

बेळगावातल्या एका छोट्या संशोधन केंद्रात मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं. हुद्द्यानं मी संशोधन अधिकारी, त्या संगणक सहायक. माझ्याकडं संख्याशास्त्रातली एम.एस्सी., त्यांच्याकडं बी.ए. आणि टायपिंगच्या परीक्षा. मी नोकरीत कायम होण्याच्या रांगेत उभा होतो, आणि त्यांचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं व्हायचं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे घडलं त्यात मला कशाची भीती होती आणि त्यांना कशाची असायला हवी होती, हे त्यावरून कळेल. मी हे त्यांचं कौतुक करायला लिहीत नाही. तो हक्क माझ्याकडं उरलेला नाही.

त्या मूळच्या निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची, आणि शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत विमल तिच्या शेजारी पोत्यावर निजायची. त्यामुळं एक झालं होतं. तंबाखूचा वास त्यांना यायचाच नाही. आमचा शिपाई त्यांच्या टेबलाशी उभा राहून तळहातावर तंबाखू मळायचा, बाकी सगळे शिंकून हैराण व्हायचे, आणि आक्का शांतपणे आकडे भरत असायच्या. "माझं नाक वखारीतच ऱ्हायलंय," एवढंच म्हणायच्या.

अंगानं ठेंगण्या, चालणं भरभर. आठवडाभर बेळगावच्या शहापुरातल्या खोलीवर राहायच्या आणि शनिवारी दुपारची बस धरून निपाणीला जायच्या. संगणकाच्या खोलीत मे महिन्यातही पंखा लावू द्यायच्या नाहीत, कारण वाऱ्यानं फॉर्म उडतात. घामानं आमचे शर्ट पाठीला चिकटायचे. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "एक फॉर्म म्हंजे एक माणूस हाय. माणूस उडून गेला तर मी कुठं हुडकत बसू?"

त्यांची माझी पहिली गाठ माझ्या फजितीनंच पडली. नवा होतो, शिकलेला होतो. एका पाहणीची माहिती संगणकात भरून झाल्यावर मी थेट मोठमोठ्या चाचण्या चालवायला घेतल्या. आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या.

"फ्रिक्वेन्सी काढलासा?"

फ्रिक्वेन्सी म्हणजे नुसती मोजणी. एका प्रश्नाला 'होय' म्हणणारे किती, 'नाही' म्हणणारे किती, काहीच न बोललेले किती. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते क्षणात तक्ता मांडतं. मला ते बालवाडीचं काम वाटायचं. मी म्हटलं, "ते काय, नंतर काढू."

"न्हाय, आधी काढा."

काढली. त्यांनी तळाशी बोट ठेवलं, मग हळूहळू वर आणलं, पुरुषांच्या रकान्यातल्या एका आकड्यावर थांबवलं आणि त्या फॉर्मचा नंबर शोधून काढला. "हे बघा. बेळगुंदीचे आप्पा, वय अडुसष्ट. तीन बाळंतपणं झाल्याती. घरात का दवाखान्यात, तेवढं इचारून घ्या."

सगळी खोली हसली. बेळगुंदी माझं गाव. त्या हसल्या नाहीत. गठ्ठ्यातून तो फॉर्म काढला, चुकलेला रकाना दाखवला आणि दुरुस्त करून सही केली. चूक सापडली की त्यांना आनंद व्हायचा नाही. हरवलेलं जनावर गोठ्यात आणून बांधल्यासारखा चेहरा व्हायचा.

पीएच.डी. करणारे लोक त्यांच्याकडं दुरून दुरून यायचे. बेळगावात संगणकावर तक्ते आणि आलेख करून देणारी दुकानं होती, पण मार्गदर्शकांनी परत पाठवलेले लोक शेवटी आक्कांकडं. त्यांना रंगीत, उभे राहिलेले, सावल्या पडलेले आलेख हवे असायचे. आक्का साध्या सपाट काड्या काढून द्यायच्या. "मागची काडी पुढच्या काडीच्या आड लपती," हे त्यांचं कारण. गोल आलेख तर त्या काढतच नव्हत्या. "भाकरीचे तुकडे करून दावू नका. कुठला मोठा ते भुकेल्याला इचारा, त्याला सगळे बारकेच दिसत्यात."

एकदा एक प्राध्यापक आले. कामगार बायकांच्या आरोग्यावर त्यांचा प्रबंध होता. गुळगुळीत बांधलेले फॉर्म, सुवाच्य अक्षर. आक्कांनी दोन दिवस खपून माहिती भरली, मोजणीचे तक्ते छापले आणि त्यांना समोर बसवलं.

"सर, ह्या बाया कुठल्या म्हणालासा?"

"निपाणीच्याच. तुमच्याच गावच्या."

"एकीनंबी एकबी प्रश्न रिकामा सोडला न्हाय. नवरा दारू पितो का ह्योबी न्हाय, पाळीचाबी न्हाय. सगळ्यांनी कशी पटापटा उत्तरं दिली." कागद त्यांच्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, "आमच्या बाया अशा न्हाईत ओ. कोण रडती, कोण उठून जाती, कोण म्हंती तुला काय करायचंय भाड्या. ह्या बाया तुमच्या घरातल्या टेबलावर ऱ्हात्यात. परत घेऊन जावा."

प्राध्यापक लाल झाले, आमच्या संचालकांकडं तक्रार करून गेले. फॉर्म मात्र घेऊन गेले. त्या दिवशी मला कळलं की ज्या रिकाम्या जागांना आम्ही पुस्तकात दोष म्हणून शिकलो होतो, त्या आक्कांच्या दृष्टीनं माणूस खरा असल्याची खूण होत्या.

आता त्या पाहणीबद्दल लिहायला हवं. इथपर्यंत मी लांबवत आलो आहे.

निपाणीत वखारींच्या बायकांसाठी एक फिरता दवाखाना यायचा. दर गुरुवारी पांढरी गाडी वखारीच्या फाटकाशी थांबायची. डॉक्टर छाती तपासायचे, गोळ्या द्यायचे, दम लागणाऱ्या बायकांना तोंडात फवारायचा पंप द्यायचे. तंबाखूचा खकाणा दिवसभर नाकातोंडात जाणाऱ्या बायकांना तो पंप विकत घेणं परवडणारं नव्हतं. ही गाडी चालवणारी संस्था दूरच्या शहरातली होती. गाडीचा उपयोग होतो का, हे मोजायचं काम आमच्या केंद्राला मिळालं. गाडी सुरू झाली तेव्हा एकदा आणि दोन वर्षांनी पुन्हा, त्याच बायकांना तोच प्रश्न विचारायचा होता: चालताना दम लागतो का? होय असेल तर एक, नाही असेल तर दोन.

दुसऱ्या फेरीला बऱ्याच बायका सापडल्या नाहीत. आमच्या पाहणी करणाऱ्या मुलींनी त्यांच्या फॉर्मवर 'भेट झाली नाही' असं लिहून गठ्ठा आणून ठेवला. आक्कांनी तो वेगळा बांधला आणि शनिवारी पिशवीत घालून निपाणीला नेला. असे चार रविवार त्या गल्ल्यांतून फिरल्या. परत आल्या तेव्हा प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. 'लेकीकडं गेली, चिकोडी.' 'शेजारीण म्हणते, दोन पावलं चालली की बसते, वखार सोडली.' 'दिवाळीच्या आधी वारली.'

त्यांनी संगणकात तीन नवे अंक केले. सात, म्हणजे गावाला गेली. आठ, म्हणजे आजारानं काम सुटलं. नऊ, म्हणजे वारली. मोजणीचा तक्ता निघाला तेव्हा होय आणि नाहीच्या खाली या तीन ओळी होत्या. गावाला गेलेल्या थोड्या होत्या. बाकीच्या दोन ओळी थोड्या नव्हत्या, आणि पहिल्या फेरीत त्यांतल्या बहुतेक सगळ्यांनी 'दम लागतो' असं सांगितलेलं होतं.

आठच्या ओळीत आक्कांची सख्खी मावशी होती, हौसामावशी. आई गेल्यावर हिनंच आक्कांना सांभाळलं होतं. अहवाल द्यायच्या आठवड्यात मावशीला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हणून आक्का रजेवर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तक्ता झालाय. काड्या तेवढ्या काढा, पाचीच्या पाच. एक, दोन, सात, आठ, नऊ. आणि पंखा लावू नका."

तिसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. तक्ता त्यांच्यापुढं होता.

"पाटील, इदेनु? काय हे? हे टेबल आहे का पेपरातलं निधनाचं पान?"

मी म्हटलं, "सर, ते दुसऱ्या फेरीत न भेटलेले..."

"भेटल्या नाहीत ना? उत्तर दिलं नाही ना? मग पुस्तकात काय लिहिलंय? तुम्ही एम.एस्सी. आहात."

पुस्तकात काय लिहिलं आहे ते मला माहीत होतं. उत्तर नसेल तर ते 'मिसिंग' धरावं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक रकानाच आहे. त्यात तो अंक टाकला की ते माणूस हिशेबातून बाहेर जातं, आणि उरलेल्यांची टक्केवारी नव्यानं निघते. सॉफ्टवेअर तिला 'व्हॅलिड पर्सेंट' म्हणतं. पुस्तकात जे लिहिलेलं नाही तेही मला माहीत होतं. ज्यांचा दम वाढला त्याच बायका सापडेनाशा झाल्या होत्या. त्यांना बाहेर काढलं की राहतात फक्त धडधाकट.

संचालकांच्या टेबलावर आणखी एक फाईल होती. ती मला कायम करण्याची. ते त्या फाईलबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, तिच्याकडं बघितलंही नाही. बघितलं ते मी.

खोलीत परत येऊन मी त्या रकान्यात सात, आठ, नऊ टाकले. तक्ता पुन्हा काढला. तळाशी 'मिसिंग' म्हणून त्या बायका अजून होत्याच. सॉफ्टवेअर प्रामाणिक असतं, वगळलेलेही दाखवतं. त्या ओळी मी निवडल्या आणि पुसल्या. मग आलेख काढला, दोन काड्यांचा. पहिली फेरी निळी, उंच. दुसरी फेरी हिरवी, तिच्या निम्म्याच्या आसपास. दिसायला फार नेटका होता. अहवालाच्या त्या पानाच्या तळाशी आधीपासून एक ओळ छापलेली असायची: 'आकडेवारी व तक्ते: वि. कांबळे.' आक्कांच्या नावाची ती ओळ मी वाचली. वाचली, आणि तशीच राहू दिली.

विसरलो असं मी अनेकांना सांगितलं आहे. इथं सांगत नाही.

आक्का सोमवारी आल्या. छापलेला अहवाल टेबलावर होता. त्यांनी ते पान उघडलं, अंगठा तळाशी ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. नंतर खुर्ची वळवली.

"सर, हितल्या बाया कुठं गेल्या?"

मी नियम सांगितला. पुस्तकाचं नाव सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. नियम त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता.

"मावशी काल घरी आली," त्या म्हणाल्या. "पंपावर हाय. गाडी बंद झाली तर पंप कोण देणार?"

"गाडी कशाला बंद होईल? उलट चांगला निकाल आहे."

"सर, रोग गेला म्हटल्यावर औषध कोण ठेवतंय?"

त्या संचालकांकडं गेल्या. आत काय झालं ते मला कळलं नाही, पण पाच मिनिटांत बाहेर आल्या. माझ्याकडं त्यांनी एकच गोष्ट मागितली. संस्थेला एक पत्र लिहा. तक्ता मी बदलला, कांबळेंनी नव्हे, एवढंच. "बाकी तुमचं तुमी बघा. माझं नाव तेवढं काढा त्यातनं. त्या बाया माझ्या गल्लीतल्या हाईत ओ."

मी लिहितो म्हणालो. त्या आठवड्यात दोनदा लिहायला बसलो. त्याच महिन्याच्या शेवटी मी कायम झालो. पत्र गेलं नाही.

आमच्यात जातीपातीचं काही नव्हतं, असं मी नेहमी म्हणत आलो. डबे एकत्र खायचो. पण त्या ओळीत कांबळेच्या जागी आमच्या घराण्यातलं नाव असतं तर मी पत्र टाकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर येण्याच्या आत दुसऱ्या कामाला लागतो.

संस्थेनं ठरवलं की निपाणीतलं उद्दिष्ट पूर्ण झालं. गाडी दुसऱ्या तालुक्याला न्यायची, आणि जाण्याआधी बायकांचा निरोप समारंभ करायचा. वखारीच्या फाटकाशी मांडव घातला. मागं मोठा फ्लेक्स होता, आणि त्याच्यावर माझा आलेख. निळी काडी माझ्याहून उंच होती. खाली बारीक अक्षरात आक्कांचं नाव, कारण ज्यानं फ्लेक्स केला त्यानं अहवालाचं पान जसंच्या तसं उचललं होतं. समोर सतरंजीवर बायका, डोक्याला अजून खकाणा लागलेल्या. आक्का कडेला उभ्या होत्या. त्यांना मांडवात बसायला खुर्ची होती, त्या बसल्या नाहीत.

पुढं बसलेल्या एका तरुण बाईनं फ्लेक्स वाचला. मोठ्यानं वाचला. "वि. कांबळे. विमे, तूच का गं ही?"

आक्कांनी फ्लेक्सवरच्या त्या ओळीकडं बघितलं.

"तू लिवलंस व्हय, आमचा दम गेला म्हणून?"

मग सतरंजीवरून एक म्हातारी बोलली. अंगानं काडी झालेली, शब्दाशब्दाला थांबत होती. ती हौसामावशी. घरात चूल पेटायची होती म्हणून अंथरुणातून उठून पुन्हा चाळणीवर जायला लागली होती. "आमचा दम गेला म्हणं," ती म्हणाली आणि खोकली. पुष्कळ वेळ खोकली. "मग ह्यो कुणाचा ऱ्हायलाय गं माझ्यात?"

बायका हसल्या. ते हसणं मी विसरू शकत नाही, कारण हसता हसता निम्म्या खोकायला लागल्या.

हौसामावशी माझ्या तक्त्यात नव्हती. मी तिला स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि ती चार हातांवर बसून बोलत होती.

नेमका तेव्हा सूत्रसंचालकांनी माझ्या हातात माईक दिला. "पाटील सर आलेख समजावून सांगतील." आक्का माझ्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे. वाट बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "ही जी निळी काडी आहे ती पहिल्या फेरीची..." आणि शेवटपर्यंत समजावून सांगितलं.

पुढच्या कंत्राटाला आक्का आल्याच नाहीत. टेबलाच्या खणात त्या सगळ्या फॉर्मचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता, नंबराप्रमाणं लावलेला.

त्यांच्याबद्दल मग ऐकूनच कळायचं. निपाणी बसस्टँडच्या मागं त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान टाकलं होतं. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं रेशनकार्डाच्या कामालासुद्धा जात नव्हत्या, दुसरीकडं जास्तीचे पैसे देऊन यायच्या. मावशी एकाच भिंतीपलीकडं राहायची, पण बोलत नव्हती. हे मला आमच्या शिपायानं सांगितलं. तो सहज सांगत होता. अशी चार वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात मी जुनी फाईल उघडली. मिसिंगच्या रकान्यातले तीन अंक काढले आणि तक्ता पुन्हा काढला. सगळ्या ओळी परत आल्या. तो छापला, खाली 'आधीचा तक्ता मी बदलला होता' असं लिहून सही केली आणि निपाणीची बस धरली. हे धाडस नव्हतं. संचालक निवृत्त होऊन गेले होते. मला आता कुणी काही करू शकत नव्हतं, तेव्हा गेलो.

दुकानात दोन विद्यार्थी बसले होते. आक्का त्यांना प्रकल्पाचा तक्ता करून देत होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून उठल्या नाहीत, पण स्टूल पुढं सरकवलं. "बसा सर. पाणी?"

मी कागद दिला. त्यांनी तो बघितला, घडी घातली आणि मला परत दिला.

"मला कशाला दावतासा? मला पाठ हाय की ह्यो." घड्याळाकडं बघितलं. "आत्ता सुटतील वखारीच्या. चला."

वाटेत मी माफी मागितली. दोनदा. त्या झपाझप पुढं चालत होत्या. शेवटी वळून म्हणाल्या, "माझ्यापाशी काय बोलतासा? मला ठावं हाय ते. ज्यांना ठावं न्हाय तिथं बोला."

फाटकाच्या बाहेर हौसामावशी भाजक्या शेंगांची टोपली घेऊन बसली होती. चाळणीचं काम आता तिला होत नव्हतं. बायका सुटल्या, थोड्या जमल्या. मी उभं राहून सांगितलं. पहिल्यांदा पुस्तकी शब्द आले. "नीट सांगा की ओ," कुणीतरी म्हणालं. मग नीट सांगितलं. ज्या मेल्या आणि ज्या अंथरुणाला खिळल्या, त्यांना मी मोजणीतून काढून टाकलं. म्हणून दम कमी झाल्यासारखं दिसलं. विमलआक्कांनी त्यांना मोजलं होतं. मी पुसलं, आणि नाव त्यांचं ठेवलं.

मग एकीनं विचारलं, "मग आता गाडी येणार व्हय?"

"नाही."

"मग एवढं तिकीट काढून आलासा कशाला?"

एकदोघी हसल्या, पदर झटकून चालू लागल्या. त्यांना घरी स्वयंपाक होता. त्यांचं बरोबर होतं.

मावशी मात्र आक्कांकडं बघत होती. "विमे," ती म्हणाली, "तू केलं न्हाईस?"

"न्हाय."

"मग चार वरसं गप का बसलीस गं रांडे? मी तुझ्या दारात आलो न्हाय. तुझ्या हातचं पाणी पिलो न्हाय." आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.

आक्का टोपलीतल्या उरलेल्या शेंगा कागदात गुंडाळत होत्या. "ह्यांचं नाव घेतलं असतं तर तुमी कुणाला शिव्या दिल्या असतासा? बेळगावला जाऊन? मी हितं व्हतो. कुणाला तरी बोलायला पायजे व्हतं की."

मावशीनं त्यांच्या दंडाला धरून उठायचा प्रयत्न केला. आक्कांनी टोपली काखेत घेतली. मी पुढं झालो तर म्हणाल्या, "तुमी जावा सर. साडेसहाची गाडी हाय बेळगावला." त्यात कडवटपणा नव्हता, आणि माफीही नव्हती.

मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. गल्ली सरळ होती, थोडी चढाची. दोघी हळूहळू निघाल्या. आठदहा पावलांवर आक्का थांबल्या, पर्स उघडून त्यात काहीतरी हुडकलं, बंद केली. पुन्हा थोडं चालून थांबल्या, मोबाईल काढून बघितला. मला आधी वाटलं, कुणाचा फोन येतोय. मग लक्षात आलं की म्हातारीला धाप लागायच्या एक पाऊल आधी त्या थांबत होत्या, म्हणजे थांबण्याचं कारण तिच्याकडं जाऊ नये. चढ जिथं तीव्र होतो तिथं एक बंद दुकान आहे. त्याच्यासमोर आक्का उभ्या राहिल्या, तोंड दुकानाकडं करून, मान थोडी वर. मावशी शेजारी हात टेकून उभी. शटरवर काहीही लिहिलेलं नव्हतं. मावशीचा श्वास जागेवर येईपर्यंत आक्का ते वाचत राहिल्या.